शकूताईंची खुर्ची

शकूताई गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा मी चौकात मोगऱ्याच्या कळ्या ओवत होते. गजरा अर्धाच राहिला... कर्वेनगरच्या त्या चौकात त्यांचं लॉटरीचं टेबल आणि माझी गजऱ्यांची टोपली वर्षानुवर्षं शेजारी शेजारी. मला गिऱ्हाइकाला हाक मारायची लाज वाटायची, म्हणून माझ्या वाटचंही त्याच ओरडायच्या. "लॉटरी घ्या, गजरा घ्या! बक्षीस नाही लागलं तरी बायको खूश होईल!" माणसं हसत थांबायची आणि पुष्कळदा नुसता गजराच घेऊन जायची. मग शकूताई म्हणायच्या, "इंदू, लॉटरी तुलाच लागते बघ."

तिकीट घेऊन निकाल न बघणाऱ्यांवर त्या फार चिडायच्या. एकदा आमच्या नेहमीच्या पेन्शनर काकांनी विचारलं, "काय हो, कुणी न नेलेलं बेवारस बक्षीस तुम्ही घरी नेता का?"

"अहो काका, मुदत संपली की ते सरकारजमा होतं. लोकांच्या कामाला लागतं. दवाखाने, शाळा, रस्ते."

"मग या समोरच्या खड्ड्याला का नाही लागलं?"

"तेवढं मोठं बक्षीस अजून कुणी विसरलं नाही!"

काका हसत गेले, पण शकूताईंच्या मनाला तो शब्द लागला होता. "बेवारस कसलं? नेणारा आला नाही, म्हणून सगळ्यांचं झालं." तेव्हापासून चौकात नवा दिवा लागला की त्या मला कोपराने ढोसायच्या, "बघ, कुणीतरी तिकीट विसरलं."

त्यांना मूलबाळ नव्हतं, यजमान कधीच गेले होते. एका दुपारी हसत म्हणाल्या, "इंदू, माझी मुदत संपली की मला न्यायला कोण येणार गं? सरकारजमाच व्हायचे मी." मी कळ्या ओवत राहिले.

फोन आला त्या दिवशी दवाखान्यात खिडकीपाशी गर्दी होती. आतल्या माणसाने त्यांचं नाव पुकारलं. "नातेवाईक कोण? कुणीच नाही? मग बेवारस लिहू का?"

"नेणारी आली आहे!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की माझी मीच दचकले. मागे वळून बघते तर चहावाला, चपला शिवणारे मामा, पेन्शनर काका, सगळा चौक उभा. काका खिडकीत वाकून म्हणाले, "आम्हालाही लिहा. जागा पुरली नाही तर कागदाच्या मागच्या बाजूला लिहा." हे ऐकायला शकूताई हव्या होत्या...

त्यांची टेबलामागची लोखंडी खुर्ची मी जागची हलवलेली नाही. बस उशिरा आली की कुणी ना कुणी टेकतं. परवा कॉलेजच्या एका मुलीने विचारलं, "मावशी, ही खुर्ची बेवारस आहे का?"

"नाही गं, सगळ्यांची आहे. बस."

ती बसली. मी टोपलीवरचं ओलं फडकं बाजूला केलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हटलं, "आणि उठताना गजरा घेऊन जा!"