उंबऱ्याचा ढाळ

माझा हात मूर्ख आहे. डोकं निदान कधीतरी विचार करतं, हात तेवढाही करत नाही. पन्नास वर्षं सुतारकी करून हे लिहायची पाळी आली, आता काय बोलणार!

दोन वर्षांपूर्वी बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं, मला बोल लावण्यासकट सगळं आलं. हातपाय आले नाहीत. चाकाच्या खुर्चीत बसून डाव्या हातानं चाक ढकलत, डाव्या पायानं फरशी रेटत ती घरभर फिरते. अडते फक्त दाराशी. तिथं बाभळीचा उंबरा, लग्नानंतर मीच बसवलेला. पलीकडं अंगण, अंगणाच्या टोकाला फाटक आणि फाटकाशी रोज सकाळी थांबणारी भाजीवाली.

तिला तेवढंच हवं होतं. फाटकापर्यंत आपलं आपण जायचं, मेथीची जुडी उलटीपालटी करून बघायची आणि भाजीवालीशी भांडून ती घ्यायची. मी आणलेली मेथी बघितली की म्हणायची, "अहो, ही भाजी हाय का शेळीचा चारा?" खुर्चीसकट उचलून न्यायला माझ्या कंबरेत जीव नाही. शेजारचे दोघे भाऊ हाक मारली की येतात, पण ते तिला नको. "मी काय शुगर फॅक्टरीचं पोतं हाय का उचलायला?" दवाखान्यात जाताना इलाज नसतो, तेव्हा ती डोळे घट्ट मिटून घेते. ते बघवत नाही मला.

म्हणून ठरवलं, उंबरा काढायचा. नुसता काढून भागत नव्हतं, कारण घरातली फरशी अंगणापेक्षा चार बोटं उंच. त्या जागी बाहेर उतरत जाणारी रुंद फळी हवी होती. हे तिला सांगितलं आणि तिनं तोंडच फिरवलं. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हे तिनं पोरांना, सुनेला, आल्यागेल्याला शिकवलेलं. रोज सकाळी हळदकुंकू लावायची ती त्याला. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "जुना काढून देवापाशी ठेवा. नवी ती नुसती फळी. तिला उंबरा म्हनायचं न्हाई. मग मी जाते."

"व्हय," म्हटलं, "नुसती फळी."

घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये माझी मशिनं आहेत. उभ्या आयुष्यात शेकडो खिडक्यांच्या खालच्या पट्ट्यांना बाहेर ढाळ दिला असेल, पावसाचं पाणी घरात येऊ नये म्हणून. पाण्याला बोटभर ढाळ पुरतो. माणूस चढवायचा तर हिशेब वेगळा. रंधा मशीनमधून लाकूड सपाटच निघतं, म्हणून खाली पाचरीसारखी तिरकी फळी घालायची आणि तिच्यावर लाकूड खिळवून दोन्ही एकदम मशीनमधून काढायचं. पहिला नग हातभर रुंद केला. शेडच्या दाराची पायरीही तेवढीच उंच, तिथं लावला, तिची खुर्ची आणून स्वतः बसलो, उजवा हात मांडीखाली दाबला आणि डाव्या हातापायानं चढायला गेलो. खुर्ची मागं कलंडली, मी भुशात आडवा. आतून ती ओरडली, "काय पाडलं?" म्हटलं, "स्वतःला!" किती दिवसांनी खळखळून हसली.

दुसरा नग दोन लाकडं जोडून पावणेदोन हात रुंद केला. दर खेपेला कागदाएवढंच सोलायचं, नाहीतर गाठीपाशी लाकूड उपटून येतं. आठ दिवस गेले. मग एका हातानं चढलो, उतरलो, परत चढलो. लहान पोरासारखा आनंद झाला मला, खोटं कशाला सांगू.

बसवायच्या सकाळी ती आंघोळ करून, नवं लुगडं नेसवून घेऊन समोर बसली. मांडीवर भाजीची पिशवी. मी जुना उंबरा सोडवला, देवापाशी ठेवला. फळी बसवली, स्क्रू पिळले. शेवटचा स्क्रू राहिला आणि माझा हात आपोआप कोनाड्याकडं गेला. कोणाच्याही घराची चौकट असो, शेवटचा स्क्रू पिळायच्या आधी मी हळदकुंकू वाहतो, बापानं शिकवलेलं. दोन बोटं हळद, दोन बोटं कुंकू लावलं, हात जोडले. मागं वळून बघतो तर तिनंही एक हात कपाळाला लावलेला.

मग दोघांच्याही ध्यानात आलं.

"अहो," ती म्हणाली, "आता कशी जाऊ ओ मी?"

मी खांद्यावरचा टॉवेल ओढला. "थांब, पुसतो."

"तुमी हयात असताना कुंकू पुसायचं?" तिचा आवाजच बदलला. "माझ्या दारातलं? माझ्यासमोर?"

टॉवेल हातातच राहिला. अजून एक नग काढतो म्हणालो, गयावया केली, चिडलो, पोराला फोन लावून दिला. एकच उत्तर: पुजलेला उंबरा एकदा हलवला तेवढा बास, आता हा हलवायचा नाही. बाहेर भाजीवाली हाक मारून मारून पुढं गेली. त्या दिवशी मेथी आलीच नाही घरात. पिशवीची घडी तिनं एका हातानं, मांडीवर दाबून दाबून केली.

त्याला आता सहा महिने झाले. रोज सकाळी ती मला नव्या उंबऱ्याला हळदकुंकू लावायला लावते, लांबूनच. मी स्वतः पावणेदोन हातांची ढांग टाकून बाहेर पडतो, कंबर मोडली तरी. भाजी मीच आणतो. शेळीचा चारा आता ती म्हणत नाही, आणली ती निवडायला घेते.

काल दवाखान्याची तारीख होती. शेजारच्या दोघांनी खुर्ची उचलली. तिनं नेहमीसारखे डोळे मिटले नाहीत. खुर्ची उंबऱ्यावर आली तसा डावा पाय वर घेतला. उजवा हलत नाही, तो तिनं डाव्या हातानं घोट्याला धरून वर उचलला आणि पलीकडं जाईपर्यंत तसाच धरून ठेवला.