म्याडम मीटिंगमधी हायत

गहिनीनाथ म्हणजे आमचे हे. नवऱ्याचं नाव घेते म्हणून दचकू नका, ती सवय मला लेकीनं लावली. "नाव घ्यायलाच ठेवलेलं असतं, आई," असं ती म्हणाली आणि मला पटलं. शिवाय सध्या त्यांना 'अहो' म्हणायला माझी जीभच वळत नाही.

त्यांची काळीपिवळी जीप आहे. आमच्या गावाहून जामखेड आणि जामखेडहून गाव, दिवसभर तेच. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही शिव्या घालाल. कुणाची पिशवी गाडीत राहिली तर घरी नेऊन देतात. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं म्हटलं की ताटावरून उठतात. दारू नाही, पत्ते नाहीत. खोड एकच. चार माणसांत कुणी हसलं की ह्यांच्या जिवाला लागतं. मी लग्न होऊन श्रीरामपूरहून इकडे आले, तेव्हा ह्यांचे मित्र माझं बोलणं ऐकून "पुस्तकातली बायको आणली" म्हणून हसले, तर ह्यांनी कित्येक दिवस मला चारचौघांत तोंडच उघडू दिलं नाही. पुढे मी घरात पिठाची गिरणी टाकली. बायकोच्या जिवावर खातो म्हणतील, म्हणून पाटीवर स्वतःचं नाव लिहून आणलं. गिरणी मी चालवते, पट्टा मी बदलते, पिठानं डोकं माझं पांढरं होतं आणि पाटीवर 'प्रो. प्रा. गहिनीनाथ'. असो.

त्या पाटीवरूनच सुकन्याच्या डोक्यात ते शिक्षण शिरलं. सुकन्या आमची एकुलती एक. नगरला होस्टेलवर राहून बी.ए. झाली आणि म्हणाली, मला स्त्री अभ्यासात एम.ए. करायचंय, पुण्याला अर्ज टाकते, हैदराबादलाही टाकते.

"म्हंजी बायांचंच शिकायचं?" ह्यांनी विचारलं. "त्यात शिकन्यासारखं काय हाय?"

तिनं पाटीकडे बोट केलं. "पप्पा, गिरणी आईची आणि नाव तुमचं. हे असं का होतं, ते शिकायचं."

हे हसले, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "शिक बाई. मी सांगतो सगळ्यांना." मला तेव्हा ह्यांचं कौतुक वाटलं. खरंच वाटलं हो.

आणि ह्यांनी सांगितलंही. गाडीत कुणीतरी विचारलं, "गहिनीनाथ, पोरगी काय करती?" ह्यांनी भोळेपणानं खरं ते सांगितलं. झालं! एक जण म्हणाला, "बायांचा अभ्यास? आरं, माझं अर्धं आयुष्य त्यातच गेलं, अजून पास न्हाई झालो!" गाडीभर हशा. दुसरा म्हणाला, "मंग आता येऊन आमच्या बायकांना भडकवनार व्हय?" पुन्हा हशा. हे घरी आले ते जेवलेच नाहीत. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

त्यानंतर ज्यानं विचारलं, त्याला ह्यांनी सांगितलं, "सायेब झाली. महिला बालविकासला. परीक्षा पास झाली." आता कोण हसतंय! आमच्या ह्या कोरड्या भागात पोरं वर्षानुवर्षं स्पर्धा परीक्षा देतात, गावात एखादा तरी साहेब व्हावा म्हणून सगळे डोळे लावून बसलेले. बातमी अंगदच्या कानावर गेली. अंगद म्हणजे ह्यांचा चुलतभाऊ, त्याला निवडणुकीचे डोहाळे लागलेले. त्यानं फाट्यावर फ्लेक्स ठोकला. सुकन्याचा कॉलेजातला फोटो, खाली 'अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि तिच्या दुप्पट मोठा अंगद, डोळ्यांवर काळा गॉगल.

मला कळलं ते गिरणीत. दळण घेऊन आलेल्या बायका म्हणायला लागल्या, "सविता, पेढं कुठायत?" मी तशीच पिठाच्या हातांनी फाट्यावर गेले आणि फ्लेक्स बघून तशीच माघारी आले. हे जेवायला आले तेव्हा मी भाकरी तव्यावर जळू दिली.

"काय करून ठेवलंत हे?"

"आगं, लोकं हसत हुती. चार दिस जाऊ दे, वाऱ्यानं फाटंल."

"आणि पोरगी आली तर? काय तोंड दाखवणार तिला?"

"ती यायच्या आत काढतो. पर तिला सांगू नगं. तिची मुलाखत तोंडावर हाय."

मुलाखतीचं नाव काढलं आणि माझं तोंड बंद केलं. लई हुशार!

मुलाखत मोबाईलवर होती आणि आमच्याकडे रेंज येते ती फक्त गिरणीत. ह्यांनी आदल्या दिवशी फ्लेक्स उतरवून जीपमध्ये कोंबला. सुकन्या नगरहून घरी आली. मी गिरणी बंद ठेवली, दळणाचे डबे बाजूला सारले. सुकन्यानं मोबाईल वजनकाट्यावर टेकवला आणि समोर बसली. मी कोपऱ्यात. कुणी मध्येच येऊ नये म्हणून हे दाराबाहेर उभे.

पुण्याच्या मॅडमनी आधी काहीबाही इंग्रजीत विचारलं, पोरीनं अडखळत उत्तरं दिली. मग त्यांनी मराठीत विचारलं, "घरून विरोध नाही का?"

"नाही," सुकन्या म्हणाली. "माझे वडील जीप चालवतात. मी काय शिकणार आहे, हे ते रोज गाडीत ताठ मानेनं सांगतात. आमच्या भागात ते सोपं नाही, मॅडम. मला ह्या विषयाची हिंमत त्यांच्याकडून मिळाली."

पोरीच्या आवाजात इतकं प्रेम होतं, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवरा गावभर खोटं बोलतो आणि लेक त्याचीच आरती ओवाळते, आणि मी मधे बसलेय. मी दाराकडे बघितलं. ह्यांना ते सगळं ऐकू गेलं होतं. पण तेवढ्यात त्यांच्यासमोर भीमाबाई येऊन उभी राहिली आणि आत मॅडमनी पुन्हा इंग्रजी सुरू केलं.

भीमाबाई वस्तीवर राहते. नवरा-बायको दरवर्षी ऊसतोडीला जातात. लेक सृष्टी आजीपाशी राहून नववीत शिकत होती. मला दाराच्या फटीतून एवढंच दिसलं, की भीमाबाई पदर तोंडाला लावून काहीतरी बोलली, ह्यांनी तिला जीपमधला फ्लेक्स काढून दिला आणि ती गेली. "फ्लेक्स मागत हुती, छपरावर टाकायला," असं ह्यांनी मला सांगितलं. खरं काय झालं ते मला फार नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते.

तिनं विचारलं होतं, "म्याडम हायत का?"

"म्याडम मीटिंगमधी हायत," हे म्हणाले. "मला सांगा, मी पोचवतो."

"दादा, सृष्टीचं लगीन ठरवलंय तिच्या बापानं. नवरा-बायकूची जोडी करून ऊस तोडायला कारखान्यावर धाडायचं म्हनत्यात. पोर शाळंत हाय हो अजून. माझं नाव कळलं तर मला जित्ती ठेवायचे न्हाईत. म्याडमनी वरच्या वर थांबवावं."

आतून सुकन्याचं इंग्रजी ऐकू येत होतं. भीमाबाईची खात्रीच पटली. ह्यांनी काय सांगावं? "निवांत ऱ्हावा. म्याडम बघत्यात." फ्लेक्स तिनं मागितला खरा, पण छपरासाठी नाही. म्याडमचा फोटो घरात असला की धीर येईल, म्हणून.

पोरीला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर लबाडी उघडी पडली असती ना! पुढे भीमाबाई गाडीत बसली की नजरेनंच विचारायची आणि हे म्हणायचे, "वर कळवलंय." ती बिचारी उतरून जायची.

सुकन्याची निवड दोन्हीकडे झाली. तिचं मन पुण्यात होतं. तिथं पेपर मराठीत लिहिता येणार होते, आणि तिला ऊसतोडीच्या बायकांवर काम करायचं होतं, त्या बायका इथल्या. हैदराबादचं नाव मोठं, पण सगळं इंग्रजीत, आणि लांब. हे म्हणाले, "हैदराबादच घे. लांब जा, मोठी हो." आमच्याकडे बाप पोरीला तालुक्याला पाठवताना दहा वेळा विचार करतो आणि हा माणूस परराज्यात पाठवत होता! सुकन्या ह्यांच्या गळ्यात पडून रडली. हे का लांब पाठवतायत ते मला ठाऊक होतं. लांब गेली की फाट्यावर कुणाला भेटणार नाही, कुणी काही विचारणार नाही. पोरीनं पुणं सोडून हैदराबाद धरलं, बापाच्या मोठ्या मनाकडे बघून.

त्याच दिवसांत सृष्टीचं लग्न उरकलं. नवऱ्याच्या गावाला, देवळात, घरच्या चार माणसांत. आम्हाला पत्ताच नाही.

सुकन्या सामान भरायला घरी आली होती. सकाळची वेळ, हे अंगणात जीप पुसत होते. भीमाबाई ज्वारीचा डबा घेऊन आली. सुकन्याला बघून तिनं डबा खाली ठेवला आणि हात जोडले.

"म्याडम, तुमी लई खटपट केली. वरपर्यंत कळवलंत. पर त्येंनी आधीच उरकलं हो. माझंच नशीब."

"काय उरकलं, मावशी?"

"सृष्टीचं लगीन. दादांनी सांगितलं हुतं न्हवं तुमाला?"

सुकन्यानं माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. ह्यांच्या हातातलं फडकं तसंच गळत होतं.

"मावशी, मी कुणी अधिकारी नाही," सुकन्या म्हणाली. "मी अजून शिकतेय."

भीमाबाईला आधी ती चेष्टाच वाटली, हसली ती. मग तिनं ह्यांची खाली गेलेली मान बघितली.

"मंग मी कुनाला सांगायचं हुतं?" ती म्हणाली. "शाळंतल्या बाईंना सांगनार हुते मी. म्हनलं, कशाला, म्याडम हायत की."

डबा उचलून ती निघून गेली. थोड्या वेळानं परत आली, फ्लेक्सची घडी गिरणीच्या उंबऱ्यावर ठेवली आणि गेली. सुकन्यानं ती उलगडून वाचली.

"म्हणून मला लांब पाठवत होता, पप्पा?" सुकन्यानं विचारलं.

"लोकं हसत हुती गं मला," हे म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडायला लागले. मला काडीची दया आली नाही. हसत होती म्हणे! त्या पोरीच्या शाळेचं दप्तर गेलं तुमच्या त्या लाजेपायी, असं मी ओरडले. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असेल, जाऊ दे.

सुकन्यानं तिथूनच मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. माणसं आली, चौकशी झाली. सासरच्यांनी सृष्टीला कुठल्या पाहुण्यांकडे हलवलंय, चौकशी अजून चालूच आहे. हैदराबादला सुकन्यानं 'येत नाही' म्हणून कळवलं आणि पुणं घेतलं. जाताना ह्यांना म्हणाली, "मी दर सुट्टीला येणार आणि तुमच्या गाडीत पुढच्या सीटवर बसणार. कुणी विचारलं तर तुम्हीच सांगायचं."

सांगतात आता. "पोरगी शिकती. सायेब न्हाई. मी खोटं बोल्लो हुतो." काही जण हसतात, काही जण खिडकीबाहेर बघतात. मला मात्र अजून बाजारात मान वर करून चालवत नाही.

दसरा तोंडावर आलाय, ऊसतोडीच्या टोळ्या ठरल्यात. परवा मी जामखेडला निघाले होते, ह्यांच्याच गाडीत. रस्त्यानं भीमाबाई चालली होती, डोक्यावर दळणाचा डबा. शेजारच्या गावच्या गिरणीत जाते ती आता, एवढं अंतर तुडवत. ह्यांनी तिच्याजवळ गाडी थांबवली, हात लांब करून दार उघडलं. ती थांबली नाही, वळून बघितलंही नाही. दार उघडं ठेवून हे तिच्या मागं मागं हळूहळू गाडी चालवत राहिले. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, "चला गहिनीनाथ, ती न्हाई बसायची." मग ह्यांनी दार ओढून घेतलं.