आपल्यावानी बोलणारा गुलाम

“अजून जरा गावठी कर ना,” शर्वरीताई म्हणाल्या. “फारच शुद्ध बोलतोयस. तो गुलाम आहे रे.”

हॅमिल्टन शहराच्या रोटोटुना भागातलं त्यांचं गॅरेज. गाडी बाहेर काढलेली, खाली जुनं कार्पेट, भिंतीला कायाकची होडी टांगलेली. रविवारची दुपार. मराठी मंडळाच्या अभिवाचनाची तालीम. पंधरा-सोळा लोक, सगळ्यांच्या हातात स्क्रिप्ट, मागच्या टेबलावर ढोकळा. मी गुलाम.

मी अजून गावठी केलं. कमरेत वाकलो. मान तिरकी केली. “धनी, म्या येडा मानूस. मला काय बी कळंना. तुमी म्हनाल तसं.”

अख्खं गॅरेज हसलं. कोपऱ्यात फोल्डिंग खुर्चीवर माझी आई बसली होती. तीपण हसली.

मी हॅमिल्टनला दुधाच्या फॅक्टरीत लॅबमध्ये काम करतो. शिकायला इथल्याच पामर्स्टन नॉर्थ शहरात आलो होतो, मग या देशातच चिकटलो. गाव परभणीकडचं, तालुक्याचं. शाळा जिल्हा परिषदेची. अंगात कला एकच, नकला. हेडमास्तर, कंडक्टर, तहसीलचा शिपाई, कुणाला सोडलं नाही. इथे आल्यावर आमचा गोरा सुपरवायझर. ‘स्वीट ॲज, ब्रो’, म्हणजे ‘एकदम मस्त, भावा’, म्हणत म्हणत तो स्वतःचं काम आमच्या गळ्यात कसं मारतो, ते मी असं करतो की लोक खुर्चीवरून पडतात.

पण मंडळात सगळ्यात हिट माझी ‘गावाकडची मावशी’. पहिल्यांदा फॉरेनला आलेली बाई. सुपरमार्केटमधल्या बिल करणाऱ्या, बोलणाऱ्या मशीनला म्हणते, “बाई, दम धर की जरा. पिशवी तर उघडू दे.” तीन वर्षं चाललं ते. प्रत्येक पिकनिकला फर्माइश.

तो आवाज माझ्या आईचा. कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं.

शर्वरीताई डॉक्टर. चांगल्या आहेत, म्हणून तर हे सांगताना जीभ जड होते. मला भाड्याचं घर मिळेना तेव्हा त्यांनीच शब्द टाकला. पहिल्या भेटीत त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाल्या, “आम्ही नाही हं असलं काही मानत.”

मी काही विचारलंच नव्हतं.

यंदा त्यांनी एक जुनी अमेरिकन कादंबरी घेतली. स्वतः मराठीत उतरवली, रात्रंदिवस खपून. एक गोरं पोरगं. बाप दारुडा, शाळा नावापुरती. त्याच्याबरोबर एक पळालेला काळा गुलाम. कायदा म्हणतो पकडून दे, धर्म म्हणतो पकडून दे. पोराचं मन म्हणतं, नको. ते पान वाचताना ताईंचे डोळे भरायचे. त्यांच्या क्लिनिकमध्ये एका गोऱ्या म्हातारीने त्यांच्याकडे बघून विचारलं होतं, खरी डॉक्टर कधी येणार? हे त्या तालमीत सांगायच्या. तो अपमान खराच होता.

आई तीन महिन्यांसाठी आली होती. घरात एकटी भिंती बघत बसेल म्हणून त्या रविवारी तिला सोबत नेलं. बाकीच्यांच्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, गॅरेजच्या तोंडाशीच पडलेल्या. आईने चपला काढल्या त्या पार खाली, रस्त्याला लागून, पत्रपेटीजवळ. तिथून अनवाणी चालत वर आली. काँक्रीट गार होतं.

“अहो काकू, इतक्या लांब कशाला?” ताई हसल्या.

“सवय हाय,” आई म्हणाली. तीपण हसली.

मी चपला उचलून आणू शकलो असतो. नाही आणल्या.

परत जाताना गाडीत आई म्हणाली, “चांगलं केलास. समदे हसले.”

“हं.”

एक राउंडअबाउट गेलं. दुसरं गेलं.

“त्यो काळा मानूस आपल्यावानी कामून बोलायलाय रे?”

“नाटक हाय, आई.”

“व्हय. पर गोरं पोरगं तर त्यांच्यावानी बोलायलंय.”

मी इंडिकेटर दिला. वळायचं नव्हतं कुठेच.

तो आठवडा मी लंच ब्रेकमध्ये फोनवर मूळ पुस्तक वाचलं. इंग्रजी जड. डोळ्यांनी कळेना. मग गाडीत काचा वर करून मोठ्याने वाचलं, तेव्हा कळलं. तेवढा एक नकला करण्याचा फायदा. आणि काय कळलं? त्या पुस्तकात पोरगंसुद्धा गावंढळच बोलतं. गुलामाइतकंच. मराठीत येताना पोराला मिळाली पुणेरी भाषा, आणि गुलामाला मिळाली माझी आई.

अजून एक. पुस्तकात एका ठिकाणी पोरगं खोटं सांगून त्या गुलामाची चेष्टा करतं. गुलाम त्याला तोंडावर सुनावतो. पोराला लाज वाटते. माफी मागतं ते. आमच्या स्क्रिप्टमध्ये ते पान नव्हतंच. वेळ कमी म्हणून कापलं होतं. वाकून बोलायची पानं मात्र सगळी होती.

पुढच्या रविवारी आई आली नाही. पाय दुखतात म्हणाली. पाय दुखत नव्हते.

ताईंचे मिस्टर, निखिलदादा, त्या पोराचं काम करायचे. वय पंचेचाळीस, अंगात शॉर्ट्स. त्यांनी सुरुवात केली तेवढ्यात मी हात वर केला. शाळेत करतात तसा.

“ताई, पुस्तकात तर पोरगंपण गावंढळच आहे ना?”

“हो, आहे.”

“मग त्याला का नाही दिली ही भाषा?”

“अरे, तो नायक आहे ना,” ताई म्हणाल्या. “लोकांना आपला वाटायला नको का?”

कुणी दचकलं नाही. कुणीतरी चहा ओतत होतं, ते ओतत राहिलं.

“मग ही भाषा कुणाची, ताई?”

“कुणाची म्हणजे? जनरल ग्रामीण.”

“ही माझ्या आईची आहे. मागच्या रविवारी इथे बसली होती ती.”

आता चहा थांबला. निखिलदादा हसायला गेले, अर्धंच हसू आलं. “ए, सीरियस काय होतोस लगेच? तूच तर मावशी करतोस. हिने तुझ्या मावशीवरूनच लिहिलंय सगळं.”

हे लागलं. कारण खोटं नव्हतं. मीच आईला या लोकांत आणलं होतं, विमानाने यायच्या तीन वर्षं आधी. दर पिकनिकला मी माझी आई वाटत होतो, ढोकळ्यासारखी. आणि लोक प्लेट पुढे करत होते. माझी आधी चूक, मग त्यांची. पण माझी झाली म्हणून त्यांची पुसली जात नाही.

मी म्हणालो, “बरोबर बोललात दादा. मावशी आजपासून बंद. आणि गुलाम मी करतो. दोघांना एक भाषा द्या. तुमची द्या, नाहीतर आमची द्या. आणि कापलेलं पान परत घाला. नाहीतर मी नाही.”

ताईंचा चेहरा पडला. खरंच दुखावल्या होत्या. “तुला आम्ही कधी वेगळं वागवलंय का?”

मला उत्तर येत होतं. कंटाळा आला होता उत्तर द्यायचा. स्क्रिप्ट खुर्चीवर ठेवली आणि निघालो. मागे कुणीतरी म्हणालं, “इथे येऊनपण यांचं तेच.”

कार्यक्रम झाला. गुलाम दुसऱ्याच कुणीतरी केला, त्याच भाषेत. हशा पडला म्हणे. शेवटी लोक रडलेसुद्धा. आई गावी परत गेली. मग ताईंचा मेसेज आला. राग गेला असेल तर दिवाळीला ये, मावशी कर, सगळे विचारतायत.

दमलोय मी. पूर्वी तोंडातून फटकन काहीतरी निघायचं, लोक हसायचे, विषय संपायचा. या वेळी अर्धा तास फोन हातात धरून बसलो. मग लिहिलं, घरी बोलतो तसं:

“ताई, राग गेला न्हाई. दिवाळीला येनार हाय. मावशी करनार न्हाई. त्या दिशी तुमच्या गॅरेजात कोन काय बोललं, त्याची नक्कल करनार हाय. एकेकाची. समोर बसा.”

मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसतायत.

मी तालीम सुरू केलीय. स्टेज दिलं तर स्टेजवर करीन. नाही दिलं, तर पार्किंगमध्ये उभा राहून करीन.