तिचं काम झालं

थंडीत बेसबॉलचे सामने नसतात, तरी आमच्या कॉलनीच्या मैदानावर शाळेच्या मुली सकाळी सरावाला येतात. चेंडू अजून पेटीतच. हवेत बॅट फिरवायची, नसलेला चेंडू मारायचा आणि पहिल्या बेसकडे सुसाट पळायचं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी काठी टेकत तिथवर जाते आणि कट्ट्यावर बसून बघते.

या मुली गल्लीत क्रिकेट खेळत वाढलेल्या. फटका मारला की बॅट हातात घेऊनच धावतात. बेसबॉलमध्ये ती जागेवरच टाकायची असते. त्यांच्या मॅडम रोज ओरडतात, "अगं, बॅट कुठे घेऊन चाललीस? तिचं काम झालं, टाक तिला!"

ऐकायला किती सोपं! पण ज्याने आपल्याला तारलं, ते हातातून सोडणं म्हणजे कृतघ्नपणा वाटतो. या पोरी मात्र मॅडमचा ओरडा ऐकला की बॅट टाकतात, धावून येतात आणि तीच उचलून बाहीने तिच्यावरचं दव पुसतात.

डॉक्टर कधीपासून सांगताहेत, काठी सोडा म्हणून. आज मी ती मुलींच्या बॅटींशेजारी गवतावर ठेवली आणि फेरी मारायला निघाले. थोडी पुढे गेले, तोच एक मुलगी ओरडली, "काकू, काठी राहिली!"

"राहू दे गं," मी म्हटलं, "तिचं काम झालं."

अख्खी फेरी पुरी केली. मग वाकून काठी उचलली आणि पदराने तिच्यावरचं दव पुसलं.