सत्तर वळणांची रंगीत तालीम

माझ्या थोरल्या दिरांनी बर्फ पाहिला होता तो फ्रीजरच्या ट्रेमध्ये. तरीही दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टमधल्या एका रविवारी, ते आमच्या वेलचेरीच्या फ्लॅटवर आले, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि म्हणाले, "डिसेंबरच्या शेवटी आपण चौघं आल्प्समध्ये जातोय. पाच दिवस. गाडी भाड्याने घ्यायची आणि स्वतः चालवायची."

चौघं म्हणजे ते, माझी जाऊ, माझा नवरा आणि मी. दीर नुंगंबाक्कमच्या एका ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहेत. रोज सकाळी ड्रायव्हर त्यांना नेतो आणि संध्याकाळी आणून सोडतो. मागच्या सीटवर बसून कुठल्या लेनमध्ये शिरायचं हे त्याला सांगणं, एवढाच त्यांचा वाहनांशी संबंध. माझा नवरा त्यांच्याहून सात वर्षांनी धाकटा. तो ओरगडमच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं गाड्यांचे ब्रेक तपासतोय. पण गाडीतलं काही विचारायचं झालं तरी आमच्या घरात थोरल्यालाच विचारतात.

मी साताऱ्याची. सासरची माणसं तंजावरकडची, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात मुरलेली. थोरल्या भावाला ती अण्णा म्हणतात आणि त्याच्या बायकोला तमिळमधलं मन्नी. हे शब्द मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात उचलले. अण्णा बोलले की विषय संपला, हा नियम मात्र मला आजवर पचलेला नाही.

अण्णांनी सहलीचा तक्ता बनवला होता. अर्ध्या अर्ध्या तासाचा. त्यात 'सकाळी ९.१० ते ९.२५ निसर्ग पाहणे' अशी ओळ होती. पंधरा मिनिटांत निसर्ग आटोपून दुसऱ्या दिवशी एका उंच खिंडीतून पलीकडच्या देशात उतरायचं होतं. ही खिंड म्हणजे सगळ्या बेताचा कळस. तिचा फोटो त्यांनी आम्हाला चार वेळा दाखवला. फोटोत हिरवं गवत होतं, गायी होत्या, आणि बाही नसलेला शर्ट घातलेला एक सायकलवाला होता. डिसेंबरमध्ये तिथे गायी का चरत असतील, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

मला पडला. सप्टेंबरात एकदा दुपारी मी फोनवर शोधलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तो रस्ता हिवाळाभर बंद असतो, दोन्ही बाजूंना फाटक पाडून. मी कुणाला काही सांगितलं नाही. फाटकासमोर गाडी उभी राहील तेव्हाचा अण्णांचा चेहरा मला बघायचा होता. त्यासाठी मी थंडीत कुडकुडायला तयार होते.

तयारी जोरात चालू होती. अण्णांनी जाडजूड कोट आणले आणि ते अंगाला सवयीचे व्हावेत म्हणून एसी अठरावर लावून आम्हाला त्यांच्या हॉलमध्ये तासभर बसवलं. मन्नी कोट घालूनच आत-बाहेर करत सगळ्यांसाठी कॉफी आणत होती. नोव्हेंबरात पावसाचा इशारा आला. आमच्या भागात पाणी भरतं, त्यामुळे इशारा आला की लोक गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावतात. माझा नवरा गुडघाभर पाण्यातून गाडी पुलावर चढवत होता, तेव्हा अण्णांचा फोन आला.

"टायरला साखळ्या कशा लावतात रे?"

"मी कधी लावल्या नाहीत, अण्णा. मला बर्फावर चालवायचा अनुभवच नाही."

"परवाइल्लै," अण्णा म्हणाले. काही हरकत नाही. "मी व्हिडिओ बघितलाय."

मग त्यांनी रंगीत तालीम काढली. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी कोल्ली हिल्सला जायचं, एक मुक्काम करून परतायचं. त्या घाटात सत्तर वळणं आहेत, प्रत्येकावर नंबराची पाटी. "सत्तर जमली की आल्प्स म्हणजे काहीच नाही," अण्णा म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या मोठ्या गाडीतून निघालो. ड्रायव्हरला सुट्टी दिली होती. अण्णा चालवत होते, नवरा त्यांच्या शेजारी, आम्ही दोघी मागे.

चढताना इंजिन कण्हत होतं, दोन वळणांवर बंदही पडलं, पण चढलो. वर लॉजच्या अंगणात अण्णांनी कोट घालून फोटो काढून घेतला. मागे केळीची झाडं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायला लागलो. पहिल्या सरळ पट्ट्यावर अण्णांनी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली.

"अण्णा, गियरमध्येच असू द्या," नवरा म्हणाला.

"उतारावर इंजिनाला कशाला त्रास? डिझेल वाचतं."

"सगळा भार ब्रेकवर येतो."

"ब्रेक कशासाठी असतात मग?"

नवऱ्याने सीटबेल्ट ओढून पाहिला. मला त्याचा रागच आला. पंचवीस वर्षं जो माणूस हेच तपासतो त्याला त्याचा थोरला भाऊ ब्रेक कशासाठी असतात ते विचारतो, आणि हा ऐकून घेतो. दहा-बारा वळणं गेली. अण्णांचा पाय ब्रेकवरून उठत नव्हता. हळूहळू जळकट वास यायला लागला. मन्नीने पदर नाकाला लावला आणि डोळे मिटले.

पुढच्या वळणाआधी अण्णा म्हणाले, "पाय खाली जातोय." आवाज अगदी लहान होता. "दाबतोय, पण गाडी थांबत नाहीये."

"दुसरा टाक," नवरा म्हणाला. "अण्णा, क्लच दाब आणि दुसरा टाक. आत्ता."

तीस वर्षांच्या संसारात मी त्याला अण्णांशी 'टाक' म्हणताना ऐकलं नव्हतं. अण्णांनी गियर टाकला. इंजिन ओरडलं, आम्ही पुढे आदळलो, आणि गाडीचा वेग मोडला. नवऱ्याने हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी डोंगराच्या बाजूला गटारालगत आणून उभी केली. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर निघत होता. अण्णा पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे निघाले.

"पाणी नको," नवरा म्हणाला. "तापलेली डिस्क वाकडी होईल. नुसतं थांबायचं."

तासभर थांबलो. पाटीवर बसलेली माकडं आमच्याकडे बघत होती. मग नवऱ्याने किल्ली घेतली आणि उरलेला सगळा घाट दुसऱ्या गियरमध्ये उतरवला. अण्णा शेजारी बसून होते. खाली पोचेपर्यंत त्यांनी कुणाला लेन सांगितली नाही.

पायथ्याला चहाच्या टपरीवर बसलो तेव्हा मन्नी बोलली. ही बाई क्वचितच बोलते.

"आल्प्समध्ये मी आगगाडीने येईन. नाहीतर घरी राहीन."

"एवढ्याशा गोष्टीला घाबरलीस?" अण्णा म्हणाले.

"घाबरले नाही. मला घाट लागतो. ऊटीला लागला, कोडाईकनालला लागला. प्रत्येक वेळी मी मागे बसून पिशवीत ओकले. तुम्ही पुढे बसून दृश्य दाखवत होता."

अण्णांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. मग त्यांना सुचलं ते हेच: "पण त्या खिंडीचं काय?"

"ती हिवाळ्यात बंद असते," मी म्हणाले.

"तुला कधी कळलं?"

"सप्टेंबरात."

मला वाटलं होतं, हे सांगताना मजा येईल. आली नाही. मन्नीने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिल्यामुळे तीही त्या घाटात बसली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

घरी पोचल्यावर नवरा मला म्हणाला, "तू सांगायला हवं होतंस."

"त्यांनी ऐकलं असतं?"

"नसतं ऐकलं. तरी सांगायचं."

आल्प्सला आम्ही गेलो. गाडी रद्द केली, पाचही दिवस आगगाड्यांतून फिरलो. अण्णा खिडकीतून खालचे रस्ते दाखवून इथे आपण डावीकडे वळलो असतो वगैरे सांगत राहिले. मन्नी मात्र एका तळ्याकाठच्या बाकावर, बर्फ झाडून, पाऊण तास बसून राहिली. तक्त्यात त्यासाठी जागा नव्हती. तक्ता कुणी उघडलाही नाही.

गेल्या महिन्यात अण्णांच्या ऑफिसातला एकजण सल्ला घ्यायला आला. त्याला लडाखला गाडी न्यायची होती. आम्हीही तिथे जेवायला होतो. अण्णांनी त्याला अर्धा तास शिकवलं. उतारावर कधी न्यूट्रल करायचं नाही. ब्रेक तापले तर पाणी ओतायचं नाही. "अनुभवाने कळतं हे," ते म्हणाले. तो माणूस फोनमध्ये टिपून घेत होता. माझा नवरा पापड मोडत मान डोलावत होता.

घरी येताना मी विचारलं, "राग नाही आला?"

"बरोबरच सांगितलं ना अण्णांनी. मग झालं."

त्याचं झालं असेल. माझं झालेलं नाही.