पाण्याला भिणारा फोरमन

ही गोष्ट सांगायचं मी चौदा वर्षं टाळलं. बायकोला अर्धी सांगितली, मुलीला मुळीच नाही. आता सत्तरी उलटली आहे, आणि ज्याच्याबद्दल सांगायचं तो गेल्या थंडीत गेला. मस्कतमधल्या ज्या कंपनीत आम्ही दोघं होतो, तिथल्या एका फायलीत त्याच्या नावापुढे ‘बेपर्वाई’ असा शब्द आहे. तो मी टाईप केलेला आहे आणि तो खोटा आहे.

तो कसा होता, ते आधी बघा. वादीतल्या, म्हणजे ओमानमधल्या कोरड्या डोंगरी नदीतल्या, डोहावर मासे गरवायला गेलो की गळ टाकण्याआधी तो एक पांढरा दगड शोधायचा आणि पाणी जिथे संपतं तिथे, अगदी काठाला टेकवून ठेवायचा. मग दर थोड्या वेळाने त्या दगडाकडे बघायचा. दगड ओला झाला की सामान आवरायचं, मग गळाला मासा असो नसो.

“पाण्याक पाठ करू नुकात, साहेबानु,” ही त्याची दुसरी सवय. मी डबा उघडायला वळलो तरी म्हणायचा. डबासुद्धा पाण्याकडे तोंड करून खायचा.

तो मालवणकडचा. आमच्याकडे एसीच्या डक्टचं काम करणाऱ्या माणसांवर फोरमन होता. त्याला सगळे फोरमनच म्हणत, मीही. मी कंपनीचा प्रशासन अधिकारी. व्हिसा, गाड्या, पत्रं, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. आमचा एक नियम होता. सुट्टीच्या दिवशी कंपनीची गाडी शहराबाहेर न्यायची तर गाडीत दोन माणसं हवीत, आणि गाडी कोणाच्या ताब्यात आहे ते वहीत लिहून सही हवी. फोरमनला दुसरा माणूस मिळेना. कामगारांच्या कॅम्पमधली माणसं शुक्रवारी झोपत किंवा घरी फोन लावत. मग त्याने मलाच विचारलं.

मी का गेलो? मुलगी दहावीला होती. मस्कतच्या अल् घुब्रा भागातल्या आमच्या दोन खोल्यांत जानेवारीपासून कोणी मोठ्याने शिंकायचं नाही असा कायदा होता. बायको म्हणाली, “तुम्ही जा कुठेतरी. तुमच्या चपलांचा आवाजसुद्धा तिला त्रास देतो.”

तर असा मी, मासे न खाणारा, पोहता न येणारा, बाथरूमच्या बादलीपलीकडे पाण्याशी संबंध नसलेला माणूस, दर शुक्रवारी सकाळी चिलापी धरायला जाऊ लागलो.

ओमानच्या डोंगरातली वादी तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो. दोन्ही बाजूंना उघडेबोडके तपकिरी कडे, मधून गोट्यांचा कोरडा रस्ता, आणि मध्येच कुठेतरी हिरवट पाण्याचा डोह. झाड नाही, पक्षी नाही. एक दगड घसरला तरी त्याचा आवाज तीन वेळा परत येतो. मला पहिल्या दिवसापासून तिथे भीती वाटायची. कशाची, ते सांगता यायचं नाही. कोणीतरी वरून बघतंय असं वाटायचं.

“वरसून पाणी बघता,” फोरमन एकदा म्हणाला. थट्टा करत नव्हता. “हंय ऊन असता, तिकडे डोंगरात पाऊस पडता. आपणाक पत्तो नाय. माझो बापूस होडयेत होतो. तो म्हणायचो, भियाचा नाय असा सांगणारो तांडेल आपल्याक नको.”

जानेवारीत मासे तळाशी सुस्त पडलेले असत. तो कणकेत बडीशेप कुटून घालायचा, वाटाण्याएवढी गोळी गळाला लावायचा आणि तंगूस, म्हणजे ती नायलॉनची बारीक दोरी, बोटावर घेऊन तासन्‌तास बसायचा. मला एक काठी दिली होती. गंमत म्हणजे मासे माझ्याच गळाला लागत.

“तुमी खायत नाय म्हणान घाबरनत नाय तुमका,” तो म्हणायचा. “माझ्या तोंडाक वास येता कालच्या माशाच्या साराचो.”

फेब्रुवारी संपता संपता पाणी कोमट झालं. उथळ भागात माशांनी वाळू उकरून ताटलीएवढे खळगे केले. त्या दिवसांत तो प्रत्येक मासा हातात घेऊन, अंगठ्याने त्याचं तोंड हलकेच उघडून आत बघायचा. काही माद्या पिल्लं तोंडात सांभाळतात, हे मला तेव्हा कळलं. एकदा त्याने मला दाखवलं. लाल जबड्यात मोहरीएवढे असंख्य डोळे. त्याने ती मादी दोन्ही तळहातांवर धरून पाण्यात उतरवली आणि ती निघून जाईपर्यंत हात तसेच पाण्यात ठेवले.

“तोंड मिटून बसली, उपाशी,” तो म्हणाला. “पोरांसाठी काय काय करूचा लागता.”

मला त्या वेळी बायको आठवली आणि हसू आलं. घरी जाऊन मी तिला सांगितलंही.

मार्चअखेरचा तो शुक्रवार. मुलीचे दोन पेपर उरले होते. सकाळी वहीत फोरमनने सही केली, गाडी त्याच्या ताब्यात. डोहावर पोचल्यावर तासाभरात त्याला एक मोठी चिलापी लागली. गळ सोडवताना तिने पाठीचा काटा उभारला आणि तो त्याच्या उजव्या तळहातात खोल घुसला. त्याने काटा काढला, हात पाण्यात बुडवला, हसला. पण अकरा वाजेपर्यंत हात पावासारखा फुगला. बोटं मिटेनात.

“जाताना गाडी तुमी चालवा,” तो म्हणाला. चावी त्याने स्वतःच माझ्या हातात दिली.

आणि त्यानंतर थोड्याच वेळात तो उठून उभा राहिला. दगड ओला झाला होता. मी आकाशाकडे बघितलं, निळं होतं. डोहात मात्र बारीक काटक्या आणि बकऱ्यांच्या लेंड्या तरंगत येत होत्या. पाण्याचा रंग चहासारखा होत चालला होता.

“चला. आवरू नुकात काय, तसाच चला.”

आम्ही चढून गाडीपाशी आलो. गाडी उंचावर होती. तिथे आम्ही सुरक्षित होतो, हे नीट लक्षात घ्या. मोठ्या रस्त्याला लागायचं तर खाली वादीचं पात्र ओलांडावं लागायचं. तिथे डांबरावरून पाणी वाहत होतं. खोली दाखवणारा लाल-पांढरा खांब कडेला होता, त्याचा खालचा लाल पट्टा दिसेनासा झाला होता. पलीकडच्या काठावर एक म्हातारा ओमानी आपल्या पिकअपशेजारी उभा राहून दोन्ही हात डोक्यावर हलवत होता. थांबा, थांबा.

“हंयच बसूया,” फोरमन म्हणाला. “दोन तास, चार तास. उतरतला.”

तेवढ्यात मागच्या डोंगरात गडगडलं. ढगांचा आवाज नव्हता तो, दगडांचा होता. कडे जवळ आल्यासारखे वाटले. फोनला रेंज नव्हती. इथे अडकलो, पाणी वर चढत आलं, हा डोंगरच खाली आला तर? लोकांना वाटतं, वाहत्या पाण्यात गाडी घालणारा माणूस धाडसी किंवा मूर्ख असतो. मी दोन्ही नव्हतो. मी इतका घाबरलो होतो की मला फक्त तिथून निघायचं होतं.

“बस आत,” मी ओरडलो.

“साहेबानु, पाया पडतंय, नको.”

“तू बसतोस की मी एकटा जाऊ?”

तो बसला. मला एकट्याला जाऊ द्यायचं नाही म्हणून बसला. हे मला तेव्हाही कळलं होतं.

मध्यावर इंजिन बंद पडलं. मग गाडी उचलली गेली, अगदी हलकेच, जसं कोणी पाळणा उचलावा. काचेबाहेर तपकिरी पाणी दाराच्या वर आलं. मी स्टिअरिंग धरून बसलो होतो. फोरमनने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं, डाव्या हाताने माझा कमरेचा पट्टा धरला आणि मला ओढलं. गाडी एका काटेरी झाडाला अडकली होती. त्या झाडाला आम्ही किती वेळ चिकटून होतो, सांगता येत नाही. त्याचा सुजलेला हात माझ्या छातीवरून पलीकडच्या फांदीला होता आणि तो माझ्या कानात म्हणत होता, “खाली बघू नुकात. माझ्याकडे बघा.” म्हाताऱ्याने आणखी दोघांना आणलं, दोर टाकला, आम्हाला ओढून घेतलं. गाडी त्यानंतर वाहून गेली.

वाहत्या वादीत गाडी घालणं हा तिथे गुन्हा आहे. पोलीस चौकीत आम्हाला कोरड्या चादरी दिल्या, गोड चहा दिला. अधिकारी तरुण होता, शांत होता. त्याने हिंदीत विचारलं, “गाडी कौन चलाया?”

म्हातारा निघून गेला होता. वही सांगत होती, गाडी फोरमनच्या ताब्यात. मी मुलीच्या दोन पेपरांचा विचार केला. नोकरी गेली तर व्हिसा जाईल, व्हिसा गेला तर तिची शाळा, घर, सगळं. फोरमनने माझ्याकडे बघितलं. मी बोलायला तोंड उघडलं होतं, असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. उघडलं नव्हतं.

“मैं,” तो म्हणाला. “मैं चलाया, सर.”

त्याच्या उजव्या हाताला तिथल्याच माणसाने जाड पट्टी बांधली होती. या हाताने गाडी कशी चालवलीस, असं कोणी विचारलं नाही. मीही तो हात कोणाला दाखवला नाही.

बाहेर व्हरांड्यात आम्ही दोघंच असताना तो हळूच म्हणाला, “तुमची पोर धावीत आसा. माझी पोरा मोठी झाली. माका काय, गाव आसा.” जणू मीच हट्ट करत होतो आणि तो माझी समजूत घालत होता.

त्याला काही दिवस आत ठेवलं. मग कंपनीने परत पाठवायचं ठरवलं. अहवाल लिहिण्याचं काम प्रशासनाचं, म्हणजे माझं. ‘सहप्रवाशाने मनाई करूनही चालकाने बेपर्वाईने वाहन पाण्यात घातले.’ मनाई केली होती, ते खरं होतं. फक्त माणसांची अदलाबदल झाली होती. मी बोट ठेवलं तिथे त्याने डाव्या हाताने सही केली. व्हिसा रद्द करण्याचा कागदही मीच भरला. विमानतळावर सोडायला मीच गेलो. आत जाताना त्याने विचारलं, “शेवटचो पेपर बरो गेलो ना तिका?”

पुढची पाच वर्षं, निवृत्त होईपर्यंत, दर वसंतात पावसाचा इशारा आला की सगळ्या कामगारांना उभं करून सुरक्षिततेची सूचना मी वाचायचो. त्यात उदाहरण त्याचं असायचं. आपल्या एका फोरमनच्या बेपर्वाईमुळे. माणसं माना हलवायची. फोन वाजला की मला वाटायचं, तो म्हातारा सापडला, त्याने सांगितलं. दारावर टकटक झाली की मी आधी खिडकीतून बघायचो. कोणी आलं नाही. न येणारा माणूस किती घाबरवतो, ते मला माहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी मी त्याच्या गावी गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो. घरी त्याची बायको होती. ती म्हणाली, ते बंदरावर. आणि मग, रागाने नाही, नुसतंच सांगावं तसं, “मस्कतसून इल्यावर होडयेर जावचा होता त्येंका. कोणी घेतल्यान नाय. गाडी पाण्यात घातल्यान, ह्या सगळ्या गावाक ठावक झाला.”

बंदरावर तो वाळूत बसून दुसऱ्यांची जाळी विणत होता. केस सगळे पांढरे. मला बघून धडपडत उठला. आजूबाजूला चार-पाच होडीवाले बसले होते.

“हे आमचे मस्कतचे साहेब,” त्याने ओळख करून दिली. “ह्येंका मी एकदा बुडवूक निघालेलंय.”

सगळे हसले. एक म्हातारा होडीवाला म्हणाला, “साहेबानु, ह्याच्या हातात तुमी गाडी दिल्यात कशी? आमी ह्येका वल्हासुद्धा देनव नाय.”

फोरमनही हसला. तो माझ्याकडे बघत नव्हता, जाळ्याकडे बघत होता. सांगायची जागा हीच होती. माणसंही हीच होती, त्यांनीच ऐकायला हवं होतं. वाक्य मी गाडीत चार वेळा म्हणून पाहिलं होतं. आता म्हटलं तर हे सगळे माझ्याकडे वळून बघतील, एवढ्याचीच मला भीती वाटली. एका क्षणाची. आणि मी काय केलं? मीसुद्धा हसलो.

त्याने चहा पाजला. मुलीची चौकशी केली. ती तिथेच मस्कतला नोकरीला लागली, हे ऐकून त्याला फार आनंद झाला. मी निघालो. पुन्हा येईन म्हणालो. गेल्या थंडीत त्याच्या मुलाचा फोन आला.

आता ती वाळू नाही, ती माणसं नाहीत. हा कागद आहे. त्या दिवशी बंदरावर मला उभं राहून एवढंच म्हणायचं होतं:

मंडळी, हसू नका. गाडी मी चालवत होतो. हे ‘नको’ म्हणत होते, माझ्या पाया पडत होते. मी घाबरलो होतो आणि यांनी मला वाचवलं. फोरमन, मला माफ करा.