बाबाईच्या खड्ड्याशी पाठमोरी

नोनोउती बेटावर माणसाची पत त्याच्या बाबाईवरून ठरते. बाबाई अळूच्याच जातीचा, पण नीट पोसला तर कंद मांडीपेक्षा जाड होतो. सणाला मानेआबात, म्हणजे गावच्या सभाघरात, ज्याचा कंद मोठा त्याची मान ताठ. कुठली पानं कुजवून त्याला घालायची, हे ज्या त्या घराचं गुपित. बाप ते एका मुलाला सांगतो आणि मरतो.

ताबेराच्या बापाने, बाउरोने, ते थोरल्या मुलाला, तोकाताकेला सांगितलं. राबायला मात्र ताबेरा. गोडं पाणी लागेपर्यंत खणलेल्या खड्ड्यात ती गुडघाभर चिखलात उतरायची, पानं वाहून आणायची. बाप दहा जातींची पानं मागवी. कामाची थोडीच, बाकीची शेजाऱ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकायला. निवडायची वेळ आली की म्हणे, "ताबेरा, पाठ फिरव."

ती फिरवायची. पुढे तोकाताके जहाजावर गेला, ऑकलंडला संसार मांडून बसला, तरी बापाचं तेच. "त्याचं आहे ते. येईल तो." खड्ड्याशी दोघंच, आणि त्यातली एक पाठमोरी. वीस वर्षांत तिने एकदाही मान वळवली नाही. याला काही लोक सद्गुण म्हणतात.

बाप गेला त्याला बारा वर्षं झाली. ताबेरा आपल्या अकलेने पानं घालत राहिली आणि कंद दरवर्षी बारीक होत गेले. गेल्या सणाला शेजारच्या बुरेंतीने तिचा कंद हातात तोलून विचारलं, "हा बाबाई, की बाबाईचं पोर?" सगळं मानेआबा हसलं. बाबाई वर्षानुवर्षं खड्ड्यात वाढत राहतो; बापाने लावलेला शेवटचा एक बाबाई अजून उभा होता, पण तो तिने काढला नाही. भाऊ येईल, सांगेल, मग काढू, असं ती स्वतःला बजावत राहिली.

यंदा भाऊ आला. सोबत त्याची लेक रोटिया, घराण्याची मुळं शोधायला आलेली. दिसेल ते फोनमध्ये टिपायची.

तिसऱ्या दिवशी ताबेराने भावाला खड्ड्याकडे नेलं. दहा जातींच्या पानांचे ढीग तिने आधीच लावून ठेवले होते.

"रोटिया घरी आहे. इथे कोणी नाही. निवड."

आणि सवयीने तिने पाठ फिरवली. मग स्वतःवरच चिडून परत वळली.

तोकाताकेने एक पान उचललं, हुंगलं, खाली टाकलं. "ही असावीत. नाही, थांब. बहुतेक ती."

"बहुतेक?"

"अगं, सतरा वर्षांचा होतो मी. बाबा बोलत होते, माझं लक्ष जहाजाकडे." तो हसला. "तू तर रोज इथेच असायचीस. एकदा तरी चोरून बघायचंस."

"बाबा बघू नको म्हणाले होते."

"म्हणून बघितलंच नाहीस? वेडीच आहेस."

ताबेराला भावाचा राग आला. बापाचा त्याहून आला. सगळ्यात जास्त आला तो आपल्याच मानेचा. तिने खड्ड्यात उतरून बापाचा तो शेवटचा बाबाई उपटला. दोघांना मिळून वर ओढावा लागला, एवढा तो होता. सणाला नेला असता तर बुरेंतीची वाचा बसली असती. तिने तो किसला, नारळ घातला, पानांत बांधून भट्टीत भाजला आणि भावाला वाढला.

"हीच चव," तोकाताके तोंड भरून म्हणाला. "अगदी बाबांच्या वेळची."

रोटियाने फोन जवळ आणला. "आत्या, मला हे शिकव ना. आपल्या घरचं आहे, विसरायला नको."

"किसायला शिकवते, बांधायला शिकवते, भाजायलाही शिकवते," ताबेरा म्हणाली. "पिकवायचं कसं, ते तुझ्या बापाला विचार. ते त्याला सांगितलेलं आहे."

रोटियाने फोन बापाकडे वळवला.